‘सगळेच होरपळले’ म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोमवारी, 7 एप्रिल 2025 ला, शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स 2,226 अंकांनी आपटला आणि मंगळवारच्या अंकात तुम्ही पहिल्या पानावर ‘14 लाख कोटी स्वाहा’ असे छापून मोकळे झालात. अग्रलेखात वर ‘या वणव्यात गरीब-श्रीमंत सगळेच होरपळले’ असेही वाक्य आहे. भाषा झोकदार, हिशेब कच्चा. मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे गप्प बसवले नाही.

नारळाचा दर पडला म्हणून माडावरचे नारळ कमी होत नाहीत. ज्याला घरखर्चासाठी त्याच आठवड्यात पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, बोलवावा लागतो, तो बुडतो. बाकीचे नारळ माडावर ठेवून वाट बघतात.

2020 ची गोष्ट सांगतो. आमचे मातीच्या भिंतींचे जुने घर आम्ही त्या फेब्रुवारीत उघडले. कौले उतरवून माडाखाली रचली, अंगणात चिरे येऊन पडले. बांधकामाचे पैसे, म्हणजे निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्यातले, म्युच्युअल फंडात होते. जानेवारीच्या स्टेटमेंटमध्ये आकडा 8 लाख 10 हजार. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 3,935 अंकांनी कोसळला. एजंट फोनवर म्हणाला, ‘सर, आता हात लावू नका. थांबा.’ थांबलो. मेच्या सुरुवातीला गोवा कोरोनाच्या यादीत हरित क्षेत्र झाला आणि ठेकेदाराचा निरोप आला, गडी मिळालेत, पैसे तयार ठेवा. आम्ही दोघे गोठ्यालगतच्या खोलीत, कपाटे ताडपत्रीखाली, डोक्यावर पाऊस महिन्यावर आलेला. मृगाला काय सांगू, बाजार वर येईपर्यंत जरा दम धर म्हणून? पैसे काढले. हाती आले 6 लाख 5 हजार. छप्पर झाले, पण खिडक्यांना पुढचे दोन पावसाळे प्लायवूडच होते. नोव्हेंबरात सेन्सेक्स जानेवारीच्या उंचीच्याही वर गेला. मी तो आकडा तुमच्याच पेपरात वाचला, प्लायवूडमागे बसून.

आमच्या वाड्यावरच्या एका गृहस्थांकडे तेव्हा जमीन विकल्याचे पैसे बँकेत पडून होते. त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये शेअर घेतले. पुढल्या वर्षी चवथीला त्यांच्याकडे गणपतीवरची माटोळी बघायला गेलो तर हसत म्हणाले, ‘मास्तर, काजूचे बोंडू पडले की वेचायचे असतात.’ माणूस वाईट नाही, माझ्या स्लॅबला कमी पडलेले सिमेंट त्यांनीच उसने दिले होते. माझेच शेअर त्यांच्याकडे गेले असे मी म्हणत नाही. पण मला पैसे द्यायला फंडाने जे विकले, ते त्या भावात कुणीतरी उचललेच ना? पुढची चढ त्याची झाली. तुमच्या ‘स्वाहा’मध्ये हा माणूस कुठेच दिसत नाही.

पडझडीच्या दिवशी श्रीमंताचाच आकडा जास्त उतरतो, हे अग्रलेखातले म्हणणे मान्य. शेअरच त्याच्याकडे जास्त. त्या संध्याकाळी विषमता कमी झाल्याचे समाधानही तुम्हाला लाभो. पण त्याला त्या आठवड्यात छप्पर घालायचे नसते.

आणि शेवटी तो नेहमीचा सल्ला, ‘घाबरू नका, दीर्घकाळ थांबा’! अमेरिकेत 1929 मध्ये पडलेल्या डाऊ जोन्स या तिथल्या निर्देशांकाला जुनी उंची गाठायला नोव्हेंबर 1954 उजाडला. मला आता एकाहत्तरावे चालू आहे, तेव्हा सल्ल्याबद्दल आभार.

त्याच अंकात आतल्या पानावर ‘दोन महिन्यांत यशस्वी ट्रेडर बना’ ही पाव पानाची जाहिरात आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरचे, सौदे करणाऱ्या 93 टक्के लोकांनी तीन वर्षांत पैसे घालवले, हे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्येच सांगितले आहे. माझा पुतण्या त्या 93 टक्क्यांतला. शिकला होता अशाच एका क्लासात. अग्रलेखात कळवळा आणि आत ही जाहिरात, याला आम्ही शाळेत काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

जागेची अडचण सांगू नका, कारण शनिवारी काजू, सुपारी, नारळाचे दर यायचे ती चौकट तुम्हीच बंद केलीत. सध्या काजूचा हंगाम चालू आहे. चार पोती बिया पडवीत पडून आहेत. आज विकू की पंधरा दिवस ठेवू, हे मला व्यापाऱ्यालाच विचारावे लागते, आणि तो दरवेळी ‘मास्तर, आजच घाला, उद्या दर उतरणार’ एवढेच सांगतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली