लाल पेनवाल्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही “चहा घे आणि पुढचं पान काढ” म्हणता, म्हणून हे उघड पत्र. नाव घालत नाही. सोसायटीतले ओळखतीलच.

अण्णांच्या आठवणी इंग्रजीत उतरवायला घेतल्या त्या भाच्यांसाठी. पोरं न्यू जर्सीत वाढलेली, मराठी कळतं पण वाचता येत नाही. माझं इंग्रजी बरं आहे असा माझा समज होता. पहिली बारा पानं घेऊन तुमच्याकडे आले, तुम्ही कपाळावरचा चष्मा नाकावर ओढलात आणि लाल गोल मारायला लागलात. स्पेलिंगं सगळी बरोबर होती. गोल पडत होते ते आजीच्या तोंडच्या वाक्यांभोवती.

“कम इनसाइड.” सेड आजी. हे माझं वाक्य. ‘सेड’चा एस मी मोठा काढला होता, पूर्णविरामानंतर मोठं अक्षर, हे शाळेपासून पाठ. तुम्ही विचारलंत, “नुसतं ‘आजी म्हणाली’ एवढंच कुणाला सांगशील का?” नाही सांगणार. “मग ते वेगळं वाक्य कसं? बोलणं आणि बोलणारी मिळून एकच वाक्य. पूर्णविराम एकदाच, शेवटी.” आणि माझ्या पूर्णविरामाला शेपूट काढून त्याचा स्वल्पविराम केलात, तो अवतरणचिन्हाच्या आतच ठेवलात, एस धाकटा केलात. आजीने प्रश्न विचारला असेल तर प्रश्नचिन्ह जागेवर राहतं, स्वल्पविराम येत नाही, पण ‘सेड’ तरीही धाकटाच.

मला वाटलं, जमलं. पुढच्या खेपेला सगळीकडे स्वल्पविराम पेरून आणले. “कम इनसाइड,” आजी शट द डोअर. तुम्ही पेन थांबवून माझ्याकडे बघितलंत. “दार लावून कुणी बोलतं का?” दार लावणं म्हणजे बोलणं नव्हे, ते वेगळं वाक्य, तिथे पूर्णविरामच हवा. आता कुठेही अडले की मी मनात तेच दार लावून बघते.

पण खरी गंमत ‘की’ची. मी लिहिलं होतं, ही सेड दॅट, “आय विल कम टुमॉरो.” तुम्ही म्हणालात, “हे इंग्रजी कपड्यातलं मराठी आहे.” आपण सहज म्हणतो, तो म्हणाला की मी उद्या येतो. त्यातला ‘मी’ म्हणजे तोच, आणि उद्याचा उद्याच राहतो. आपला ‘की’ माणसाचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवतो. इंग्रजीतला ‘दॅट’ ठेवत नाही. तो आला की ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘विल’चा ‘वुड’, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’, आणि अवतरणचिन्हं गळून पडतात. शाळेत डायरेक्टची इनडायरेक्ट वाक्यं वह्या भरभरून केली, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांच्या वहीत तर झाडून सगळी माणसं ‘म्हणाला की’नेच बोलतात. दर ठिकाणी ठरवावं लागलं. सावकाराचं बोलणं ‘दॅट’ लावून आटोपलं. आजीचं मात्र सगळं अवतरणचिन्हांत ठेवलं.

एकदा वैतागून मी म्हटलं, ही इंग्रजांची नसती कटकट. तेव्हा तुम्ही मराठीचे कोश करणाऱ्या मेजर थॉमस कँडी या इंग्रजाची गोष्ट सांगितलीत. मराठीत विरामचिन्हं रुजवली ती त्यांनीच, १८५० साली त्यावर पुस्तिकाही काढली. त्याआधी मोडीत हात न उचलता ओळीच्या ओळी, कोण कुठे बोलायचा थांबला ते वाचणाऱ्यानेच ताडायचं. छापखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला कँडीसाहेब घरचेच वाटणार म्हणा!

बाकीचं पटापट झालं. विलायती पुस्तकांत बहुधा एकेरी चिन्हं, अमेरिकेत दुहेरी. पोरं तिकडची म्हणून दुहेरी. माणूस बदलला की परिच्छेद बदलायचा. आणि अण्णा सलग तीन परिच्छेद बोलतात तिथे चिन्ह दर परिच्छेदाला उघडायचं, मिटायचं ते फक्त तिसऱ्याच्या शेवटी. हे कादंबऱ्यांत दिसायचं तेव्हा मी छापणाऱ्याची चूक समजायचे. बिचारा!

परवा धाकट्या भाचीने फोनवर चौथं प्रकरण वाचून दाखवलं. कुणी न सांगता आजीचा आवाज वेगळा काढत होती. “कम इनसाइड” जरा दरडावून, आणि ‘सेड आजी’ला लगेच आपल्या साध्या आवाजात.

सातवं प्रकरण रविवारी आणते. लाल रिफिल संपली म्हणाला होतात, तीही घेतली आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची