नवा स्टार्टर बसवला, खरखर तशीच : निदान न करता पार्ट बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
(प्रत : वर्क्स मॅनेजर, आपलं अधिकृत सर्व्हिस सेंटर, सोलापूर)

विषय : फ्लायव्हीलची रिंग (इंजिनमागच्या जड चाकावरची दातेरी कडी) न तपासता बॅटरी व स्टार्टर बदलल्याबाबत आणि बिलाची रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, ६८,४०० किलोमीटर चाललेली. तक्रार पहिल्या दिवसापासून एकच आहे : सेल्फ मारला की कधी कधी पत्र्यावर करवत ओढल्यासारखा खर्रर्र आवाज येतो आणि इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी थांबतो. तिन्ही जॉब कार्डांवर मात्र "स्टार्टिंग नॉइज" एवढंच लिहिलं आहे. आवाज कसला, कधी येतो, किती वेळा येतो, हे एकदाही विचारलं गेलं नाही.

२८ एप्रिलला बॅटरी बदलली, ५,९०० रुपये. "उन्हाळ्यात बॅटरी जातेच" असं सांगण्यात आलं. सोलापूरच्या उन्हात बॅटरी लवकर जाते हे खरं आहे. पण बॅटरी उतरली की सोलेनॉइड (स्टार्टरवरचा विजेचा स्विच) कट-कट-कट करतो, इंजिन जेमतेम फिरतं. दातांची खरखर हा वेगळा प्रकार. शिवाय बदलण्याआधी त्याच बॅटरीवर मीटर लावलं होतं : गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. हा आकडा ९.६ च्या खाली गेला असता तर गोष्ट वेगळी होती. टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंगची वायरसुद्धा ठीक होती.

१६ मेला अख्खा स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) बदलला, मजुरीसह १२,३०० रुपये. खरा आक्षेप इथे आहे. आवाज दर वेळी न येता पाचात एकदा-दोनदा येतो, यातच उत्तर होतं. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांपैकी एकीवर थांबतं, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर. त्यामुळे स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) वर्षानुवर्षं रिंगच्या त्याच त्या दातांवर आदळतं आणि तेवढेच दात झिजतात. पिनियन किंवा बेंडिक्स (पिनियनला रिंगशी जोडणारी यंत्रणा) खराब असतं तर इंजिन कुठेही थांबलेलं असो, खरखर आली असती.

हे पाहायला हत्यारंही फार लागत नाहीत. खरखर आली की चावी बंद करायची, चौथा गिअर टाकून गाडी वीतभर पुढे ढकलायची म्हणजे इंजिन थोडं फिरून रिंगचे दुसरे दात समोर येतात, न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ मारायचा. आवाज गेला तर दोष रिंगचा. ९ जूनला तुमच्या सर्व्हिस ॲडव्हायजरसमोर हे तीनदा करून दाखवलं, तिन्ही वेळा आवाज गेला.

स्टार्टर खोलला तेव्हा बेलहाउसिंगचं (फ्लायव्हीलवरच्या आवरणाचं) तोंड उघडंच होतं. त्यातून टॉर्च मारून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने एक फेरा फिरवलं असतं तर सगळे दात नजरेखालून गेले असते. काम दहा मिनिटांचं. ते न करता नवा स्टार्टर खराब रिंगवर चढवला. कोऱ्या पिनियनमुळे तीन आठवडे आवाज दबला, मग परत आला. दरम्यान त्या नव्या पिनियनच्या धारा रिंगने खाल्ल्या असणार, म्हणून आता तोही तपासावा लागेल.

९ जूनला टायमिंग चेनचं २१,५०० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. चेन टेन्शनरचा (चेन ताणून धरणाऱ्या भागाचा) आवाज रात्रभर उभी असलेली गाडी पेटल्यानंतर, ऑइलचं प्रेशर येईपर्यंतचे दोन-तीन सेकंद येतो. इथला आवाज इंजिन पेटण्याआधीचा आहे. फ्युएल पंपाचा रिले काढून, म्हणजे इंजिन पेटणारच नाही अशी सोय करून, सेल्फ मारला तरी येतो. एस्टिमेट नामंजूर.

आता काम असं व्हावं. गिअरबॉक्स उतरवून रिंग नवी बसवावी. रिंग ओव्हनमध्ये सगळीकडून सारखी, साधारण २०० ते २३० अंशांपर्यंत तापवून फ्लायव्हीलवर बसवावी, दातांची उतरती कड पिनियन आत शिरतं त्या बाजूला ठेवून. एकाच जागी गॅसची ज्योत धरून लाल करू नये, दात मऊ पडतात. जुनीच रिंग उलटी करून बसवण्याचा जुगाड चालणार नाही. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्लचप्लेट आणि क्रँकचा मागचा ऑइल सील पाहावा, पण खराब भाग आम्हाला समोर दाखवल्याशिवाय बिलात एकही पार्ट वाढवू नये. मजुरी आम्ही देणार नाही. दहा मिनिटांची तपासणी टाळल्यामुळे गाडी दोनदा खोलावी लागत आहे.

बॅटरी आणि स्टार्टरचे मिळून १८,२०० रुपये परत मिळावेत. काढलेले दोन्ही जुने पार्ट मागूनही मिळालेले नाहीत. ते भंगारात गेले असतील तर तसं लेखी द्यावं. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करू. वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, हे आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच.

सोबत : तिन्ही जॉब कार्डं, दोन बिलं, एस्टिमेट आणि गाडी ढकलण्याआधीच्या व नंतरच्या आवाजाचे व्हिडिओ. पत्राची पोच द्यावी.

आपला,
गाडीमालक, जुळे सोलापूर