डबीवर वॉर्फरिनचा उल्लेख का नाही?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कोएन्झाइम क्यू-१० कॅप्सूलच्या डबीवरील अपुरी माहिती आणि हेल्पलाइनवरून मिळालेला धोकादायक सल्ला

महोदय / महोदया,

माझ्या यजमानांची हृदयातली मायट्रल झडप बदललेली आहे. झडप यांत्रिक असल्याने रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन त्यांना जन्मभर घ्यायचे आहे. हृदयाचे पंपिंगही कमी आहे, म्हणून ओळखीतल्या एकांनी सुचवल्यावर आम्ही आपल्या कॅप्सूल सुरू केल्या. त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तो घसरला की गुठळीचा धोका वाढतो) २.५ ते ३.५ च्या दरम्यान असावा लागतो आणि बराच काळ तो तसा होताही. पुढच्या तपासणीत तो १.८ आला. डॉक्टरांनी आधी विचारले, "नवीन काय सुरू केलंत?" मी पर्समधून आपली डबी काढून दिली. त्यांनी ती चारही बाजूंनी फिरवून पाहिली, चश्मा वर करून बारीक अक्षरेही वाचली. "यावर वॉर्फरिनबद्दल एक ओळसुद्धा नाही?"

तोच प्रश्न मी आपल्याला विचारते आहे.

क्यू-१० ची रचना रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के शी मिळतीजुळती आहे आणि ते घेतल्यावर वॉर्फरिनचा परिणाम कमी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. एका छोट्या चाचणीत असा परिणाम दिसला नाही, हेही मी वाचले आहे. आमचा आकडा कॅप्सूलमुळेच घसरला असे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितले नाही. पण यांत्रिक झडपेवर गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. अशा माणसाला "डॉक्टरांना विचारून घ्या, आयएनआर लवकर तपासा" एवढे तरी कळायला नको का? डबीवर हृदयाचे लालभडक चित्र छापायला जागा आहे, या दोन वाक्यांना नाही.

आता माहितीपत्रकाविषयी. त्यात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या क्यू-सिंबायो चाचणीचा दाखला दिला आहे. चाचणी खरी आहे. हार्ट फेल्युअरच्या ४२० रुग्णांवर ती दोन वर्षे चालली आणि क्यू-१० घेणाऱ्यांत हृदयाशी संबंधित गंभीर घटना कमी झाल्या : १५ टक्के, दुसऱ्या गटात २६ टक्के. पण या रुग्णांची नेहमीची औषधे चालूच होती आणि क्यू-१० त्यांच्या जोडीला दिले होते, हे पत्रकातून गायब आहे. मात्राही गायब आहे. चाचणीत १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले होते, आपण सांगता रोज एक कॅप्सूल, १०० मिलिग्रॅमची. म्हणजे श्रेय ३०० मिलिग्रॅमचे आणि विक्री १०० ची. क्यू-१० थोतांड आहे असे माझे म्हणणे नाही, चाचणी अर्धीच सांगण्याला माझा आक्षेप आहे.

त्याहून गंभीर गोष्ट हेल्पलाइनची. यजमानांच्या गोळ्यांची नावे मी एकेक करून वाचून दाखवली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "नैसर्गिक आहे हो, काही होत नाही. बरं वाटायला लागलं की बाकीच्या गोळ्या हळूहळू कमी करता येतील." वॉर्फरिन हे नाव ऐकूनही! आपल्याकडे बोलणे रेकॉर्ड होते असे सुरुवातीलाच सांगतात, तेव्हा ते काढून ऐकावे. दोष त्या बाईंचा कमी आहे. हातात दिलेले तेच त्या वाचत असणार.

आणखी एक. डबीवर "यूबिक्विनॉल", म्हणजे क्यू-१० चे एक रूप, असे लिहिले आहे. एक कॅप्सूल टाचणीने टोचून बशीत पिळली तर आतून नारिंगी, रवाळ लगदा निघाला. यूबिक्विनॉल पांढरट असते आणि ऑक्सिजनशी संयोग झाला की नारिंगी-पिवळे यूबिक्विनोन, म्हणजे क्यू-१० चेच दुसरे रूप, होते. तेलामुळे वा इतर घटकांमुळे रंग बदलत असेलही, म्हणून मी आरोप करत नाही, या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागते. बॅच क्रमांक दिसेल असा डबीचा फोटो सोबत जोडला आहे.

उरलेल्या डब्यांचे पैसे परत हवेतच. पण त्याआधी वॉर्फरिनचा इशारा डबीच्या बाहेरच्या बाजूला ठळक छापा, पत्रकात चाचणीची मात्रा आणि "नेहमीच्या औषधांसोबत" हे शब्द घाला आणि गोळ्या कमी करण्याचा सल्ला फोनवर कोणीही देणार नाही अशी लेखी सूचना हेल्पलाइनला द्या. आधी विकलेल्या डब्यांच्या ग्राहकांनाही कळवा, त्यांचे फोन नंबर आपल्याकडे आहेतच. सवलतींचे मेसेज नेमाने येतात.

उत्तर पंधरा दिवसांत, लेखी द्यावे. फोन करू नये.

आपली,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, डबीचा व माहितीपत्रकाचा फोटो, आयएनआरचे आधीचे व नंतरचे अहवाल