वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र: औषधाच्या पेटंटला हरकत घेण्याची वाट अरुंद करू नका

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री

सप्रेम नमस्कार.

मी बोरिवलीत राहते, म्हणजे तुमच्याच मतदारसंघात. हे पत्र रस्त्यापाण्यासाठी नाही. पेटंट कार्यालय तुमच्या खात्यात येतं आणि परदेशांशी व्यापार करारही तुम्हीच करता, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

२०१३ साली माझ्या धाकट्या भावाला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झाला. रोज एक इंजेक्शन, कित्येक महिने. टोचायला जागा उरली नव्हती, गरम पाण्याची पिशवी लावून आई त्याला कुशीवर झोपवायची. मग कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. एके दिवशी कुकर शेजारी ओरडत होता आणि तो शांतपणे पेपर वाचत बसला होता, तेव्हा आम्हाला कळलं. आज तो बरा आहे, नोकरी करतो. आई त्याच्याशी वहीत लिहून बोलते. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात तेच औषध होतं. अशा टीबीवरची बेडाक्विलिन नावाची गोळी आदल्याच डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाली होती, पण तिचं पेटंट जॉन्सन अँड जॉन्सन या एकाच कंपनीकडे होतं. आमच्यासारख्यांनी तेव्हा तिचं नावही ऐकलं नव्हतं.

ते पेटंट १८ जुलै २०२३ ला संपणार होतं. कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षाररूपासाठी, फ्युमरेटसाठी, वेगळा अर्ज करून ठेवला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. त्या अर्जाला २०१९ मध्ये दोघींनी हरकत घेतली: मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघी टीबीतून वाचलेल्या, दोघींची श्रवणशक्ती उपचारात गेलेली. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्या वर्षीच लुपिनसारख्या आपल्या कंपन्यांची गोळी जागतिक खरेदी यंत्रणेत आली आणि मूळ कंपनीलाही सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत निम्म्याहून खाली, १३० डॉलरवर आणावी लागली.

फुमेझाला भारतात हरकत का घ्यावी लागली, हे जरा थांबून पाहायला हवं. तिच्या देशात पेटंट अर्जाची आपल्यासारखी कसून तपासणी होत नाही, कागदपत्रं नीट असली की पेटंट नोंदलं जातं. शिवाय स्वस्त गोळी बनते ती आपल्याकडे. इथे पेटंट लागलं की आफ्रिकेतल्या दवाखान्याचं कपाट रिकामं राहतं. एचआयव्हीच्या बाबतीत जगाने हे पाहिलं आहे. वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागणारे उपचार २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरमध्ये देऊ केले, कारण १९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या पेटंटविषयक ट्रिप्स करारामुळे २००५ पासून ती मोकळीक गेली. उरली ती पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) ची आणि हरकतीची ढाल. जुन्याच औषधाचं रूप किंचित बदललं आणि परिणामकारकता वाढली नाही, तर नवं पेटंट नाही, असं ३(ड) सांगतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात ते उचलून धरलं.

आणि १५ मार्च २०२४ च्या नियमांनी तुमच्या खात्याने नेमकी हरकतीचीच वाट अरुंद केली. पेटंट देण्याआधीच्या हरकतीला पूर्वी शुल्क नव्हतं, आता आहे. त्याहून गंभीर म्हणजे, हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे पेटंट कार्यालयाचे नियंत्रक आधी ठरवणार, मग पुढचं. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो. त्या व्यक्तीला दारातच अडवायची सोय नियमाने का करावी?

त्याच नियमांत आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झालीच नाही. पेटंट घेतलेलं औषध देशात किती विकलं, किती आयात केलं, याचा तपशील कंपनीला दरवर्षी द्यावा लागे. आता तीन वर्षांतून एकदा. हा तपशील किती मोलाचा असतो? मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी बायरच्या नेक्साव्हर या कॅन्सरच्या औषधावर नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते औषध बनवायची परवानगी दिली. कंपनीने दाखल केलेल्या आकड्यांवरूनच दिसलं होतं की औषध गरजूंपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचतंय. महिन्याचे २ लाख ८० हजार रुपये ८,८८० वर आले. औषधासाठी असा परवाना आपण तेव्हा दिला, तो आजपर्यंतचा एकमेव.

आता ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये तुम्ही सही केलेल्या करारात, औषधं उपलब्ध करण्याचा श्रेयस्कर मार्ग ऐच्छिक, म्हणजे कंपनीने स्वखुशीने दिलेल्या परवान्यांचा, असं मान्य केलं आहे. हे वाचून मला फार वाईट वाटलं. ऐच्छिक परवान्यात किंमत आणि कोणत्या देशांना विकायचं हे कंपनी ठरवते. सक्तीचा परवाना आपण क्वचितच वापरतो हे खरं, पण तो हाताशी आहे म्हणून तर कंपन्या वाटाघाटीला बसतात. २ ऑक्टोबर २०२० ला भारताने दक्षिण आफ्रिकेसोबत कोविडकाळात पेटंटचे नियम शिथिल करा म्हणून प्रस्ताव मांडला, जून २०२२ मध्ये जिनिव्हात तुम्ही स्वतः देशाची बाजू मांडलीत. तेव्हा मी घरात सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, हे आपल्या देशाने केलं. ब्रिटनच्या करारातलं वाक्य त्या भूमिकेशी जुळत नाही.

संशोधनाला पैसा लागतो हे मला मान्य आहे. त्यासाठीच कायद्याने वीस वर्षं दिली आहेत. एकविसावं वर्ष मागणाऱ्याला रुग्णाने प्रश्न विचारला तर तो अडथळा ठरू नये.

म्हणून विनंती. हरकतीवरचं शुल्क आणि ती ग्राह्य आहे की नाही ही आधीची चाळणी मागे घ्या. वार्षिक तपशील पुन्हा सुरू करा. पुढच्या कोणत्याही करारात ऐच्छिक परवान्याचं ते वाक्य येऊ देऊ नका, आणि ब्रिटनच्या करारामुळे कलम ८४ व ९२ खालच्या सक्तीच्या परवान्यांना बाध येत नाही, असं संसदेत स्पष्ट सांगा.

उत्तर लेखी द्या, साहेब. माझ्या भावालाही ते वाचायचं आहे.

आपली,
बोरिवलीची एक मतदार