छबीचे उपास

प्रिय मंदे,

चार महिने झाले, तुझे तीन मेसेज तसेच पडलेत, राग आला असेल तर येऊ दे. फोनवर रडले असते म्हणून लिहितेय. माझी शुगर बरी आहे, ह्यांचा खोकला गेला.

आपल्या वर्गातल्या छबीचं सांगायचंय. श्रावणात उपासाचं कुणाला नवल? सोमवार धरला, शनिवार धरला, मग गुरुवारपण, मी म्हटलं बाई आता देव्हाऱ्यातच जाऊन बस, तर हसली. परवा आशा वर्करच्या कामानं तिच्याकडं गेले तेव्हा ती पिठाचा जर्मनचा डबा आडवा करून कडेचं पीठ बोटांनी खरवडत होती. तीन भाकरी झाल्या. पोरांना दोन, सासूला एक. मला म्हणते, आज मंगळवार ना, उपास आहे. मंदे, त्या दिवशी बुधवार होता!

आणि भाऊजी, म्हणजे छबीचा नवरा, रात्री दहाला येतात, म्हणतात खाऊन आलो. कुठं खातात? ह्यांनी बघितलंय, पारावर बसलेले असतात एकटेच. एप्रिलात ऊसतोडीवरून आले तर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटलीच नाही, मुकादमाचंच देणं निघालं, आता नवी उचल पोळ्यानंतर. तोवर मजुरी, ती पण पाऊस असला तर. रेशन माणशी 5 किलो म्हणजे पाच जणांचं 25 यायचं, पण दोन्ही पोरांचे अंगठे केवायसीला लागेनात, 15 वर आलं. तेल-मिरची तर त्यात नाहीच.

मला खातंय ते वेगळंच. आम्ही आशा घरोघर तब्येतीचा सीबॅक फॉर्म भरतो, त्यात मनाचे दोन प्रश्न असतात, गेल्या 2 आठवड्यांत कामात रस वाटेना का, उदास वाटतं का. मे महिन्यात मीच विचारले होते. छबी म्हणाली छातीत धडधडतं, झोप लागत नाही, डोकं जड, तर मी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. रक्त कमी आहेच गं, आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना आहे, म्हणून तर पुढं काही विचारलं नाही. भाऊजी दोन्हीला नाही म्हणाले, मी शून्य लिहिलं. पुरुष उदास वाटतं असं म्हणतो का कधी? डोकं फिरतंय म्हणतो. गेल्या आठवड्यात धाकट्यानं दुसरी भाकर मागितली तर ह्या माणसानं ताट भिरकावलं, मग स्वतःच भाकर उचलली, झटकली, पोराच्या हातात दिली आणि गोठ्यामागं जाऊन बसला. घरातली बाई शेवटी जेवते म्हणून तिची भूक दिसत नाही, आणि बाप्याला आणता येत नाही याची लाज, तो घरीच येत नाही.

ट्रेनिंगला ऐकलं होतं, संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना भुकेचे 8 प्रश्न विचारते, पहिला खायला पुरणार नाही अशी काळजी वाटली का, आणि अख्खा दिवस उपाशी काढला का हा पार शेवटचा. छबीची झोप त्या पहिल्याच प्रश्नाला उडालीये.

आणि ऐक. चौथीतला तुझा डबा आठवतो? शेंगदाण्याची चटणी, भाकर, आणि माझ्यावर आळ, मग दिवाळीपर्यंत अबोला, लग्नातसुद्धा तू माझ्या नवऱ्याला सांगितलंस की डबे सांभाळा. मी नव्हते गं. परवा छबीनंच सांगितलं, खाली बघून. तेव्हा तिच्याकडं दोन दिवस चूल पेटली नव्हती, आणि आपण दोघी तिच्याशेजारीच बसून भांडत होतो.

भाऊजी छबीला म्हणाले मी नसलो तर एक तोंड कमी होईल. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. 14416 ला, त्या मनाच्या त्रासाच्या सरकारी हेल्पलाइनला, मी फोन लावून दिला, मला बाहेर जा म्हणाले, म्हणजे बोलले असतील काहीतरी. आता रोज संध्याकाळी हे पारावरून त्यांना आमच्याकडं जेवायला आणतात, काहीतरी काम काढून.

तुझं प्रमोशन कळलं, लई बरं वाटलं, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?

गौरीला ये. पैसे पाठवू नको, ती घेणार नाही. पोरांचं आधार अपडेट करायला बीडला न्यायचंय, तुझी गाडी असली तर एका दिवसात होईल. येताना ज्वारी आण, पोतंभर, माझ्या घरी उतरव. आणि डब्याचं तुला कळलंय हे तिला कळू देऊ नको.

तुझीच,
शकू