दुतोंड्या मारुती आणि आपला कॉम्प्युटर

बंगळुरू,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तिळाच्या वड्या काल पोचल्या. एकही मोडली नाही.

परवा फोनवर माझा आवाज चढला आणि बाबा एकदम गप्प झाले, तेव्हापासून मनात टोचणी लागली आहे. मला पाढे शिकवताना एकोणतीसच्या पाढ्याला मी किती वेळा अडले असेन, पण बाबा कधी ओरडल्याचं आठवत नाही. फोनवर घाई होते, समोरचा स्क्रीन दिसत नाही आणि माझा धीर सुटतो. म्हणून दिवाळीत आपल्या कॉम्प्युटरवर मी काय काय बसवलं आणि का, ते आज सगळं लिहून काढते आहे. प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आधी त्या प्रसंगाबद्दल. बाबा, पेन्शनच्या दोन पीडीएफ जोडायच्या म्हणून तुम्ही 'फ्री' असं लिहून शोधलंत आणि समोर आलेलं मोठं हिरवं बटण दाबलंत. ते बटण म्हणजे जाहिरात होती. मग स्क्रीनभर लाल पाटी आली, भोंगा वाजायला लागला आणि तुम्ही त्यावरच्या नंबरला फोन केलात. त्या गोड बोलणाऱ्या माणसाने तुमचा स्क्रीन मागितला आणि तेवढ्यात आईने भिंतीवरचं बटणच बंद केलं. आई, तू केलंस ते शंभर टक्के बरोबर होतं. त्या क्षणी मीही दुसरं काही केलं नसतं. बाबा, तुम्ही हे तीन दिवस मला सांगितलं नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ती पाटी माणूस घाबरावा म्हणूनच बनवलेली असते. त्यात तुमची चूक नाही. पुन्हा कधी असं झालं तर आधी आईचा उपाय करायचा, मग मला फोन. पैसे गेल्यासारखे वाटले तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठी सरकारने ठेवलेला नंबर आहे तो. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

मग फुकटचं काही घ्यायचंच नाही का, असं तुम्ही विचारलंत. बाबा, उन्हाळ्यात पंचवटीत पाणपोया लागतात ना, तिथे पाणी पिणाऱ्याला कोणी नाव-गाव विचारत नाही. काही सॉफ्टवेअर तशी आहेत. कोणीतरी स्वतःच्या गरजेपोटी किंवा आवडीपोटी बनवली आणि चारचौघांसाठी ठेवली. आणि काही असतात ती पाण्याच्या पेल्याबरोबर तुमच्या घराची किल्ली मागणारी. 'तुमचा कॉम्प्युटर साफ करतो', 'वेग दुप्पट करतो', 'सत्तेचाळीस व्हायरस सापडले' असं न विचारता सांगत येतं, ते दुसऱ्या जातीचं. मी जे बसवलं आहे ते सगळं पाणपोईचं आहे. त्या प्रत्येकाचा खरा पत्ता ब्राउझरमध्ये 'आपली साधनं' या फोल्डरमध्ये ठेवला आहे. काही लागलं तर तिथूनच घ्यायचं, शोधून नाही.

तशी बटणं दिसूच नयेत म्हणून आता फायरफॉक्स हा ब्राउझर वापरायचा. त्यात युब्लॉक ओरिजिन बसवलं आहे, ते जाहिराती मुळातच येऊ देत नाही. रेमंड हिल नावाच्या माणसाने ते बनवलं. तो देणगीसुद्धा घेत नाही. जाहिरातींच्या याद्या जे लोक सांभाळतात त्यांना मदत करा, म्हणतो.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीत तुम्ही म्हणत होता की कॉम्प्युटर फोटो उघडताना अडकतो आणि आतून टक-टक आवाज येतो. दुकानदाराने तर 'जुना झालाय, नवीन घ्या' एवढंच सांगितलं, उघडूनही बघितलं नाही. मी पाडव्याच्या रात्री क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून पाहिलं. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही आतल्या आत लिहीत असते, किती तास चालली, किती जागा खराब झाल्या, सगळं. हे सॉफ्टवेअर ती वही फक्त वाचून दाखवतं. तब्येत ठीक असली की चौकोन निळा, काळजीचं असलं की पिवळा, हाताबाहेर गेलं की लाल. आपला पिवळा होता. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' या ओळीत आकडा चढलेला होता. म्हणजे डिस्कवरच्या काही जागा खराब झाल्या होत्या आणि डिस्कने त्या सोडून राखीव जागा वापरायला काढल्या होत्या.

तुम्हाला हे समजावायला मला दुसरं काही सुचत नाही, गोदेच्या पात्रात उभा असलेला आपला दुतोंड्या मारुतीच आठवतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीला कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला असेल तर बघे फक्त पूर बघायला जातात. कमरेच्या वर चढलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर उचलायला लागतात. मारुती पूर थांबवत नाही, पण माल उचलायला वेळ मिळतो तो त्याच्याकडे बघूनच. हा चौकोन म्हणजे आपल्या टेबलावरचा दुतोंड्या मारुती आहे. त्या रात्री पाणी कमरेपर्यंत होतं, आणि आत होतं ते सगळं: २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेले फोटो, दादाचं लग्न, बाबांचे हिशेब आणि आजीच्या ओव्या.

१९६९ च्या महापुरात वाड्यातली ट्रंक भिजली आणि आजी-आजोबांच्या लग्नाचा एकमेव फोटो गेला, हे आजी किती वेळा सांगायची. फोटोचा कागद वाळवायला ठेवला तर चेहरे पुसटून गेले होते, हे सांगताना ती बोटाने चेहऱ्याचा गोल काढून दाखवायची. त्या रात्री तोच गोल माझ्या डोळ्यांसमोर होता. तुम्ही दोघं झोपल्यावर मी तीन वाजेपर्यंत बसून सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. चार फोटो वाचता आले नाहीत. बाकी सगळं सुखरूप आहे. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी नवी डिस्क, घातली. कॉम्प्युटर आता पटकन सुरू होतो तो तिच्यामुळे.

पण एसएसडीही कधीतरी जाणारच, आणि ती टक-टक करून सांगत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप, म्हणजे सगळ्याची दुसरी प्रत. काळी डिस्क जोडायची, फ्रीफाइलसिंक उघडायचं, आधी 'कंपेअर' आणि मग 'सिंक्रोनाइझ', एवढी दोनच बटणं. त्यात 'मिरर' नावाचा एक प्रकार आहे, त्याला हात लावू नका. मिररमध्ये इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. मी 'अपडेट' लावून ठेवलं आहे, त्यात फक्त नवीन आणि बदललेल्या फाइल तिकडे जातात, तिकडचं काही पुसलं जात नाही. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवायची, जोडलेली राहू द्यायची नाही. एक आणखी प्रत मी देवळालीला आत्याकडे ठेवली आहे. आत्या म्हणाली, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवते. बरोबर जागा आहे ती.

फाइल सापडत नाही, ही बाबांची रोजची तक्रार. त्यासाठी एव्हरीथिंग आहे, माझं सगळ्यात आवडतं. विंडोजचा स्वतःचा शोध फार वेळ घेतो. हे सॉफ्टवेअर डिस्कवर फाइलींच्या नावांची जी मूळ यादी असते तीच वाचतं, त्यामुळे अक्षर टाइप करायच्या आत उत्तर येतं. 'घरपट्टी' असं मराठीत लिहा, गेल्या सगळ्या वर्षांच्या पावत्या एका खाली एक उभ्या राहतील. मात्र ते नाव बघतं, फाइलच्या आतला मजकूर नाही. तेव्हा बाबा, एक सवय लावून घ्या. 'नवीन', 'नवीन २', 'अंतिम' अशी नावं देण्याऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग काय आहे ते. '२०२५-०४ घरपट्टी पावती'. तुमच्या वह्यांच्या पाठीवर तुम्ही असंच तर लिहायचात.

पीडीएफ जोडण्यासाठी आता नॅप्स-टू. स्कॅनरमधून कागद घेतं, जुन्या पीडीएफही त्यात ओढून आणता येतात, पानं वर-खाली करायची आणि एकच फाइल म्हणून जपून ठेवायची. जिच्यासाठी एवढं रामायण झालं ती गोष्ट इथे दोन मिनिटांत होते. मराठी मजकूर ओळखायची सोयही मी चालू केली आहे. छापील कागद बऱ्यापैकी वाचतं, हाताने लिहिलेलं नाही.

पत्रं, हिशेब यासाठी लिबरऑफिस आहे. वर्ड-एक्सेलच्या जुन्या फाइली त्यात उघडतात. तुमची २००८ ची पत्रं मात्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फाइल बिघडलेली नाही. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. आता युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची वेगळी जागा असते त्या पद्धतीत, लिहिलेलं तसं होणार नाही. ती जुनी पत्रं मी इथे बसून एकेक बदलून पाठवते आहे, घाई नका करू.

फोटो बघायला इरफानव्ह्यू, बाण दाबला की पुढचा. घरच्या वापरासाठी मोफत आहे. एवढंच पुरे.

आई, आता तुझं. ती केशरी शंकूची खूण म्हणजे व्हीएलसी. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या कामातून ते उभं राहिलं. रस्त्यावर ठेवतात ते शंकू ती पोरं गोळा करून आणायची, तीच खूण झाली. मंडळाच्या भजनांच्या सीडी, मावशीने पाठवलेले व्हिडिओ, काहीही त्यात चालतं. भजन हळू ऐकून शब्द उतरवायचे असतील तर 'प्लेबॅक'मध्ये जाऊन वेग कमी कर, स्वर तोच राहतो.

आणि आजीच्या कॅसेट. पहिल्या कॅसेटची एक बाजू मी ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवली, टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये वायर घालून. तुला सगळं करून दाखवलं होतं, पण पुन्हा लिहिते. आजी गायला लागण्याआधी दोन-तीन सेकंद नुसती खरखर आहे. तेवढाच तुकडा निवडायचा आणि 'नॉइज रिडक्शन'मध्ये जाऊन 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचं. म्हणजे त्याला कळतं की खरखर म्हणजे काय. मग पूर्ण पट्टी निवडून पुन्हा तिथेच जायचं आणि 'ओके'. आकडा सहाच्या वर नेऊ नकोस. मी बारा करून पाहिलं, तर आजीचा आवाज पाण्याखालून यावा तसा झाला, आणि तिच्या आवाजातली ती दाणेदार चरचर, जात्याची, तीच निघून गेली. थोडी खरखर राहिली तरी चालेल. तिसऱ्या ओवीत मागे कुकरची शिट्टी होते आणि आजी म्हणते, 'अगं, गॅस बारीक कर.' ते कापायचं नाही. काहीही करायच्या आधी मूळ पट्टीची एक प्रत वेगळ्या नावाने ठेव.

विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. आपला प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील अशी नोंदणी मी केली आहे. पुढचं मी गणपतीत आले की बघू. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून पाहायचा माझा विचार आहे, त्यासाठी नवीन कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. दुकानदार काही म्हणू दे.

मला तुमचा स्क्रीन बघायचा असेल तेव्हा विंडोजमधलंच क्विक असिस्ट वापरू. मी आधी फोन करीन, आपला ठरलेला शब्द सांगीन, मग कोड देईन. शब्द इथे लिहीत नाही, आईला माहीत आहे. तो शब्द न सांगता कोणी स्क्रीन मागितला तर तो मी नाही, आवाज माझ्यासारखा आला तरी.

आई, उरलेल्या कॅसेटना टेपमध्ये घालण्याआधी हेड साफ करून घे, आणि चिकटलेली वाटली तर चालवू नकोस, माझ्यासाठी ठेव. बाबा, थंडी फार आहे, सकाळी गोदापार्कला जाताना कानटोपी घालत जा.

पुढच्या रविवारी सकाळी फोन करीन. तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ठेवा आणि मला फक्त चौकोनाचा रंग सांगा.

तुमची,
धाकटी