धावणाऱ्या गटांनी शाळेच्या परसबागा हाती घ्याव्यात

महोदय,

मुंबई मॅरेथॉनपासून सातारा हिल हाफ मॅरेथॉनपर्यंत धावपटूंच्या बातम्या मी आपल्या दैनिकात आवडीने वाचते. आता तालुक्याच्या गावीही पहाटे रनिंग ग्रुप रस्त्यावर दिसतात, याचा मनापासून आनंद वाटतो. या मंडळींपुढे एक सूचना ठेवायची आहे.

मी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहते आणि इथल्या एका सामुदायिक अलॉटमेंटवर भाजीपाल्याच्या कामाला जाते. अलॉटमेंट म्हणजे स्थानिक परिषदेने थोड्या भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा, आपल्या हिशेबात अडीच गुंठे. 1908 च्या कायद्यात या व्यवस्थेचा पाया आहे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत देशभर असे सुमारे 14 लाख तुकडे पिकत होते. आमचा तुकडा एका कुटुंबाचा नाही. एकटी राहणारी वयस्कर माणसे, आजारातून उठलेले लोक, देश सोडून आलेली काही कुटुंबे असे सगळे मिळून तो कसतात. उत्साह भरपूर, पण अंगात जोर कमी. उन्हाळ्यात दोन-चार आठवडे दुर्लक्ष झाले की ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली कुंपणावरून आत उतरतात आणि वाफे गिळून टाकतात.

अशा वेळी आमच्याकडे गुडजिमचे धावपटू येतात. आयव्हो गॉर्मली यांनी 2009 मध्ये पूर्व लंडनमध्ये ही संस्था सुरू केली. व्यायामात खर्च होणारी ताकद कोणाच्या तरी उपयोगी पडावी, एवढी साधी त्यामागची कल्पना. ऑफिस सुटल्यावर मंडळी एका ठिकाणी जमतात, पळत कामावर येतात, अर्धा-पाऊण तास राबतात आणि पळतच परत जातात.

त्यांचे काम जवळून पाहण्यासारखे असते. दोघे जण लांब दांड्याच्या कात्रीने वेली गुडघ्याच्या उंचीवर छाटतात, मागून तिसरा टिकावाने गड्डा उपटतो. गड्डा राहिला तर वेल पुन्हा फुटणारच. त्याहून चिवट शत्रू म्हणजे बाइंडवीड हे वेलीसारखे तण. त्याची पांढरी मुळे शेवयांसारखी कटकन तुटतात आणि मातीत राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब येतो. म्हणून तिथे कुदळ आपटत सुटायचे नसते. बागकामाच्या काट्याने माती सैल करून मुळे बोटांनी वेचावी लागतात. मोकळ्या झालेल्या जागेवर जुने पुठ्ठे एकावर एक चढवून अंथरायचे आणि वर लाकडाचा भुसा पसरायचा, म्हणजे खालचे तण उजेडावाचून मरते. जुना ढीग हलवण्याआधी त्यात साळिंदरासारखा काटेरी, पण त्याहून खूप लहान हेजहॉग तर झोपलेला नाही ना, हेही कोणीतरी वाकून बघते.

हे सगळे जमते, कारण काय उपटायचे आणि काय ठेवायचे हे आमच्यातली जाणती माणसे आधी ठरवतात आणि काम संपेपर्यंत सोबत उभी राहतात. एका हिवाळ्यात एका कंपनीचा चमू आला होता. त्या दिवशी दाखवायला कोणी नव्हते. रूबार्ब (आंबट देठांची, वर्षानुवर्षे टिकणारी भाजी) थंडीत जमिनीखाली निजलेला असतो, वर काहीच दिसत नाही. त्या भल्या माणसांनी तो तण समजून मुळासकट खणून काढला. ज्या आजोबांनी तो कित्येक वर्षे जोपासला होता, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

आता माझी सूचना. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये पोषण आहारासाठी परसबागा आहेत. मेथी, पालक, दुधी, टोमॅटो, कढीपत्ता, कुंपणाला शेवगा. मुलांच्या खिचडीत ताजी भाजी पडते ती यातूनच. पण मे महिन्याच्या सुट्टीत बाग वाळते आणि जूनच्या पहिल्या पावसात तिथे गाजरगवत, हरळी आणि लव्हाळा माजतो. दोन शिक्षकी शाळेत शिक्षकांनी शिकवायचे, माहिती भरायची, की खणत बसायचे? तिथे वीस धावपटू पहाटे अर्धा तास राबले तर पेरणीपुरती जमीन सहज मोकळी होईल. तालुक्याच्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर एखादी जिल्हा परिषदेची शाळा असतेच. जाऊन-येऊन रविवारचा सराव पुरा होतो.

काही गोष्टी मात्र पाळाव्यात. गाजरगवत 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले, तेव्हापासून ते आपल्या मानगुटीवर बसले आहे. ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. दमा किंवा अंगावर पुरळ उठण्याचा त्रास असलेल्यांनी त्या वाफ्यात जाऊ नये. लव्हाळा वरून खुरपून भागत नाही, मातीतल्या गाठी खणून वेचाव्या लागतात. कुदळी, घमेली घेऊन कोणी पळू शकत नाही, म्हणून अवजारे शाळेत आहेत का, हे आदल्या दिवशी विचारावे किंवा एकाने ती गाडीवरून पोहोचवावीत. काम काय करायचे ते मुख्याध्यापक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी सांगावे. बागेत कुठे काय लावले आहे, हे त्या ताईंना पक्के माहीत असते.

एवढे करून एकदाच जाऊन फोटो काढला आणि विषय संपला, असे होऊ नये ही कळकळीची विनंती. तण पंधरा दिवसांत परत उभे राहते. एका गटाने एकच शाळा धरावी आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला तिथे जावे.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्त्या गावोगाव पोहोचतात. मे महिन्याच्या अखेरीस, मदत हवी असलेल्या शाळांची नावे आणि जवळच्या धावपटू गटांची नावे आपण शेजारी-शेजारी छापू शकाल का?

आपली एक वाचक,
ब्रिस्टल, इंग्लंड